होती तशीच, पण पूर्ण नवी

मोटारीच्या कारखान्यात सगळ्यांत दुर्दैवी माणूस कोण? रंग मारणारा नव्हे, हिशेब लिहिणाराही नव्हे. एखाद्या जुन्या, लाडक्या, छोट्या गाडीचं नवं रूप काढायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं तो. एका सकाळी त्याच्या टेबलावर फाइल येते आणि फाइलच्या पाठोपाठ साहेब येतात.

"लोकांचा या गाडीवर फार जीव आहे. एका रेघेलाही धक्का लागता कामा नये."

"बरं."

"आणि पूर्ण नवी दिसली पाहिजे."

डिझायनर काहीच बोलत नाही. साहेबांना तो होकार वाटतो.

"एअरबॅगा भरपूर. मागे बसणाऱ्यांना पाय पसरायला जागा. डिकीत प्रवासाच्या बॅगा मावल्या पाहिजेत. पादचाऱ्याला धडकली तर पादचाऱ्याला फार लागता कामा नये. आणि हो, लहानच दिसू दे. लहान आहे म्हणून तर लोकांना आवडते."

साहेब निघून जातात. डिझायनर चहाला जातो, तो जेवायच्या सुट्टीपर्यंत परत येत नाही.

गंमत अशी की ज्या गाड्यांच्या रूपावर लोक आज एवढे भाळतात, त्या घडवणाऱ्यांना रूपाशी फारसं देणंघेणं नव्हतं. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं, ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर मिळू लागलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस यांना कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी काढायला सांगितली. इसिगोनिस यांनी इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स इंजिनाखालच्या तेलातच बसवला, दहा इंची चाकं लावली, स्प्रिंगांच्या जागी रबर वापरलं आणि दहा फूट लांबीत चार माणसं सामानासकट कोंबली. १९५९ मध्ये मिनी बाजारात आली. दार आतून उघडायला हँडल नव्हतं, ओढायची तार होती. काचा खाली होत नसत, बाजूला सरकत. रेडिओ नव्हता, कारण गाडीतला रेडिओ इसिगोनिस यांना पसंत नव्हता. ॲशट्रे मात्र होता. माणसाच्या गरजा कोणत्या आणि चैनी कोणत्या, याबद्दल त्यांची मतं पक्की होती.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पावसाचं पाणी तळातून आत येई. तळाचे पत्रे एकावर एक चढवताना सांधा नको त्या दिशेला ठेवला गेला होता, त्यामुळे रस्त्यावरचं पाणी थेट सतरंजीपर्यंत पोचायचं. त्यात डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीच्या लगेच मागे. जोराची सर आली की तो भिजे आणि गाडी जागच्या जागी बसे. ही गाडी मुंबईत जन्माला आली असती तर तिला जून ते सप्टेंबर बिनपगारी रजा द्यावी लागली असती.

आज हे कुणी सांगत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत आठवणीतलं पाणी सुकतं. मागे उरते ती मॉन्टे कार्लोची रॅली जिंकणारी मिनी, बीटल्स मंडळींच्या दारातली मिनी, 'द इटालियन जॉब' सिनेमात तुरिनच्या जिन्यांवरून धडधडत उतरणारी मिनी, आणि दाराला कडी-कुलूप लावून घेतलेली मिस्टर बीनची मिनी. नव्या गाडीला टक्कर द्यावी लागते ती या आठवणीतल्या गाडीशी. हिच्यात पाणी शिरत नाही, हिचा क्लच कधी जळत नाही आणि हिची चावी ज्याच्या हातात आहे तो कायम बावीस वर्षांचा असतो.

या गाडीच्या भक्तांशी बोलणंही सोपं नाही. नव्या गाडीबद्दल त्यांची मतं सर्वांत कडक असतात, कारण ती विकत घ्यायचा त्यांचा इरादा नसतो.

"नवी घेणार का?"

"छे! जुनी आहे ना अजून."

"चालते?"

"चालायला कशाला पाहिजे?"

१९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर कंपनी विकत घेतली आणि मिनी जर्मनांच्या पदरात पडली. पुढे रोव्हरचा तोटा इतका वाढला की २००० साली बीएमडब्ल्यूने रोव्हर मोटारींचा कारभार १० पौंडांना देऊन टाकला. तेव्हाच्या हिशेबाने सातशे रुपयांच्या आत. त्या पैशांत मुंबईत गाडीच्या चार टायरांत हवा आणि दोन वेळचं जेवण झालं असतं. मात्र देताना बीएमडब्ल्यूने एक वस्तू हळूच मागे ठेवून घेतली, मिनी. सगळा व्यवहार पाहता, घर फुकट दिलं आणि दारावरची पाटी तेवढी काढून नेली असं कुणाला वाटलं तर त्याचं फार चुकणार नाही.

नव्या मिनीचं रूप फ्रँक स्टीफनसन यांनी काढलं. त्यांनी युक्ती मोठी झकास केली. १९५९ची मिनी मध्ये वाढायची थांबलीच नसती, दर दहा वर्षांनी तिचं नवं रूप निघालं असतं, तर १९६९ मध्ये ती कशी दिसली असती, १९७९ मध्ये कशी आणि १९८९ मध्ये कशी, याची त्यांनी आधी कल्पना केली. म्हणजे शेवटची गाडी काढण्यासाठी कधीच न निघालेल्या तीन गाड्या आधी मनात काढून झाल्या. सरकारी नोकरीत इतकं काम कुणी केलं असतं तर चौकशी लागली असती.

चिकणमातीचा पूर्ण आकाराचा नमुना तयार झाला. वरिष्ठांसमोर तो मांडायची वेळ आली आणि ऐनवेळी लक्षात आलं की गाडीला सायलेन्सरचं तोंडच नाही. हा किस्सा स्टीफनसन स्वतः सांगतात. काम संपल्याच्या आनंदात तिथे बिअर चालली होती. त्यांनी रिकामा डबा उचलला, त्याला भोक पाडलं, वरचा रंग खरवडून काढला आणि डबा मातीत खुपसला. नमुना पसंत पडला, डब्यासकट. पुढे मिनी कूपर बाजारात आली तेव्हा तिच्या सायलेन्सरच्या तोंडाला त्या डब्याचीच धाटणी होती. परंपरेचा आदर, इतिहासाचा अभ्यास, काल्पनिक तीन पिढ्या हे सगळं एकीकडे. आणि लोक ज्याचं कौतुक करत फिरले तो बिअरचा डबा एकीकडे.

२००१ मध्ये गाडी विकायला आली तेव्हा जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. "ही मिनी नव्हे. हिला जेवण चांगलं लागलंय." तक्रार खोटी नव्हती. मूळची ३.०५ मीटरची गाडी आता ३.६३ मीटरची झाली होती. पण गिऱ्हाइकांनी ती उचलून धरली, आणि त्या यशातूनच खरा घोळ सुरू झाला. पहिल्या वेळी चाळीस वर्षं मागे जाऊन प्रेरणा घ्यायची सोय होती. दुसऱ्या पिढीच्या वेळी कुठे जायचं? जुन्या गाडीची आठवण करून देणाऱ्या गाडीची आठवण करून देणारी गाडी काढायची होती.

म्हणून २००६ मध्ये कंपनीने धाडस केलं. बाहेरचा एकूण एक पत्रा बदलला. पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नियमांसाठी बॉनेट थोडं उंच केलं, लांबी काही सेंटिमीटरनी वाढवली, दिवे नवे, इंजिनं नवी. आणि गाडी दिसायला हुबेहूब आधीसारखी! प्रस्तुत लेखकाने दोघींचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून, चष्मा पुसून, पुन्हा लावून पाहिलं. खात्रीने सांगता येईल असा फरक एकच सापडला, नंबर प्लेट वेगळी होती. कोट्यवधी रुपये खर्चून काहीच बदललं नाही असं भासवणं ही कला आहे, आणि ती फक्त मोटारवाल्यांनाच साधते असंही नाही.

आता डॅशबोर्डवरच्या ताटाची गोष्ट. १९५९च्या मिनीत वेगाचा मीटर स्टेअरिंगमागे नव्हता, बरोबर मध्यभागी होता. कारण काटकसर. ब्रिटनमध्ये स्टेअरिंग उजवीकडे, बाकी युरोपात डावीकडे. मीटर मध्ये ठेवला की दोन्ही गाड्यांना एकच मांडणी पुरते. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूला असली काटकसर करायची काहीच गरज नव्हती, पण परंपरा म्हणजे परंपरा. मीटर मध्येच राहिला आणि २००६ मध्ये तर फुगून जेवणाच्या ताटाएवढा झाला. चालवणाऱ्याला वेग पाहायचा तर नजर बाजूला न्यावी लागे. शेजारी बसलेल्याला मात्र तो सतत दिसे, आणि शेजारी बसणाऱ्याला वेग दिसणं ही कोणत्याही संसाराला परवडणारी गोष्ट नाही.

"ऐंशीवर गेलात."

"तू तुझ्या समोर बघ."

"माझ्या समोरच आहे."

तिसऱ्या पिढीत, २०१४च्या सुमारास, मीटर अखेर स्टेअरिंगमागे आला. सगळे सुखावले. मग ध्यानात आलं की मधलं ताट रिकामं पडलंय. ते काढून टाकणं अशक्य होतं. ताट नाही तर मिनी कसली? म्हणून त्या गोलात चौकोनी स्क्रीन बसवला आणि भोवती रंग बदलणाऱ्या दिव्यांचं कडं लावलं. २०२३ मध्ये चौथी पिढी आली. आता ताट म्हणजेच स्क्रीन, २४ सेंटिमीटर व्यासाचा, काठोकाठ गोल. तो इतका सुंदर झाला की स्टेअरिंगमागच्या मीटरची गरजच काय, असं कुणाला तरी वाटलं. काढला. ६४ वर्षांच्या संशोधनानंतर वेग पुन्हा मध्यभागी जाऊन बसला. ज्यांना तिकडे बघायचं नाही त्यांच्यासाठी वेगाचा आकडा डोळ्यांसमोर उमटवायची वेगळी सोय आहे. तिचा खर्च मूळच्या काटकसरीत कसा बसवायचा हे ज्याने त्याने पाहावं.

दरम्यान गाडी वाढतच राहिली. तिसऱ्या पिढीत ३.८२ मीटर, चौथीत ३.८६. त्याच घराण्यातली कंट्रीमन तर ४.४ मीटरच्या पुढे गेली आहे. १९५९ची मिनी सहाशे किलोच्या आसपास होती. आजची विजेवरची दीड टनाच्या वर आहे. कारणं विचारली तर कंपनीकडे ती तयार असतात: अपघातात चेपणारा पुढचा भाग, एअरबॅगा, एसी, आवाज आत येऊ न देणारे थर, बॅटरी. सगळी कारणं खरी आहेत. प्रस्तुत लेखकही वजनकाट्यावरून उतरताना डॉक्टरांना साधारण अशाच तांत्रिक अडचणी सांगत असतो.

फोक्सवॅगनच्या बीटलची तऱ्हा आणखी निराळी. १९९४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात कंपनीने एक नमुना मांडला. जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांनी कॅलिफोर्नियात काढलेला. लोक इतके हळवे झाले की गाडी काढावीच लागली. १९९८ मध्ये न्यू बीटल विक्रीला आली. मूळ बीटलचं इंजिन मागे आणि सामान पुढे. नवीचं इंजिन पुढे आणि सामान मागे, कारण गोंडस अंगरख्याच्या आत होती फोक्सवॅगनची गोल्फ. छत कमानीसारखं, पुढच्यांना टोपी घालून बसता येईल एवढी जागा आणि मागच्यांच्या डोक्याला काच. डॅशबोर्ड इतका खोल की पुढच्या कोपऱ्यात पडलेली पार्किंगची पावती परत मिळवायला लहान मूल पाठवावं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे स्टेअरिंगशेजारी एक छोटी फुलदाणी. जुन्या बीटलवाल्यांमध्ये चिनी मातीची फुलदाणी अडकवायची हौस होती, तिची ही आठवण.

फुलदाणीनेच घात केला म्हणतात. गाडी पुरुषांना फार गोड वाटू लागली. म्हणून २०११च्या नव्या आवृत्तीत छत चपटं केलं, बॉनेट लांबवलं, चेहऱ्यावर जरा राग आणला आणि फुलदाणी काढून टाकली. गाडी रुबाबदार झाली. ज्यांना गोडवा हवा होता ते दुसरीकडे गेले, ज्यांना रुबाब हवा होता त्यांनी आधीच मोठी एसयूव्ही बुक केली होती. २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यात शेवटची बीटल बाहेर पडली.

या सगळ्यांत शहाणे ठरले जपानी. निसानने १९९१ मध्ये फिगारो नावाची गाडी काढली. आत मायक्रा, बाहेर पन्नाशीच्या दशकातला थाट, रंग चार, चार ऋतूंचे. फक्त २०,००० गाड्या बनवल्या आणि मागणी एवढी आली की सोडत काढावी लागली. मग कारखान्याने हात झटकले. दुसरी पिढी काढलीच नाही, त्यामुळे ती बिघडली असं म्हणायची सोय कुणाला राहिली नाही.

पुनरागमनाच्या या नाटकाचा एक प्रयोग महाराष्ट्रातही झाला. फियाटची मूळ ५०० ही दान्ते जाकोझा यांची निर्मिती, ४ जुलै १९५७ची. तीन मीटरहून कमी लांबी, मागे दोन सिलिंडरचं ४७९ सीसीचं इंजिन, ताकद १३ अश्वशक्ती. पहिली आवृत्ती इतकी रुक्ष होती की घाम गाळून पैसे जमवणाऱ्या इटालियन माणसानेही तोंड फिरवलं. काही महिन्यांतच तिला सुधारून पुन्हा आणावं लागलं. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ला, नवी ५०० तुरिनमध्ये झळकली आणि युरोपात तिचं कौतुक मावेना. २००८ मध्ये ती भारतात आली, १५ लाखांच्या घरात.

त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली होती. आणि टाटा व फियाट हे तेव्हा भागीदार, पुण्याजवळच्या रांजणगावला दोघांचा मिळून कारखाना, फियाट विकायच्या त्या टाटांच्या शोरूममधून. आता मराठी मध्यमवर्गीय घरात 'फियाट' म्हणजे कुर्ल्याला बनलेली पद्मिनी. लग्नाची वरात, कोकणातली गणपतीवारी आणि मुंबईची काळी-पिवळी, सगळं तिनेच केलेलं. तिच्या मालकाने शोरूममध्ये पाऊल ठेवलं की संवाद साधारण असा व्हायचा:

"ही फियाट?"

"हो सर. आयकॉनिक आहे."

"किती?"

"पंधरा लाख."

"माणसं किती बसतात?"

"चार, सर."

"आमच्या फियाटमध्ये नऊ बसायची. दोघं मांडीवर." आणि काका शेजारच्या इंडिकाचं दार उघडून बघायला लागायचे.

आठवण आयात करता येत नाही, हे कंपनीच्या फार उशिरा लक्षात आलं. ज्या गाडीसाठी आजोबा रांगेत उभे राहिलेच नाहीत, तिच्यासाठी नातवाचा ऊर भरून यावा कसा? याउलट आकुर्डीच्या बजाजने जानेवारी २०२० मध्ये चेतकचं नाव विजेवरच्या स्कूटरला दिलं, तेव्हा पुण्यात एकाही माणसाला ती कोण, हे समजावून सांगावं लागलं नाही. १९७२ पासून चालत आलेली ओळख होती. अडचण फक्त सवयीची. जुनी चेतक सुरू होत नसली की तिला कुशीवर झुकवून मग किक मारायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार.

"काका, हिला वाकडी करावी लागत नाही. पेट्रोलच नाही हिच्यात."

"माहीत आहे रे. पण केल्याशिवाय बरं वाटत नाही."

फ्रेंचांनी अलीकडे हाच खेळ मोठ्या बारकाईने मांडला. १९७२ची रेनो ५ त्यांनी २०२४ मध्ये विजेवर परत आणली. जुन्या गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेसाठी जाळी होती. नव्या गाडीला तिथे हवेची गरज नाही, म्हणून त्याच जागी बॅटरी किती भरली ते दाखवणारे दिवे ठेवले, पाचच्या आकड्याच्या आकारात. शिवाय पैसे मोजले तर गाडीत लांबुडका फ्रेंच पाव उभा ठेवायला वेताची टोपलीही मिळते. मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांची अडचण आहे ती आहेच, पण पाव सुखात प्रवास करतो.

आणि फियाट? फियाटने सगळ्यांवर ताण केली. २०२० मध्ये त्यांनी ५०० पुन्हा नव्याने घडवली. चेहरा तोच, आतलं सगळं नवं, आणि फक्त विजेवर. पेट्रोलवरची २००७ची गाडी सोबत चालू राहिली, पण २०२४ मध्ये वाहनांच्या सायबर सुरक्षेचे युरोपीय नियम आले आणि तिला निवृत्त व्हावं लागलं. बिचारीत हॅक करण्याजोगं फारसं काही नव्हतं, हा मुद्दा नियमात बसला नाही. उरली विजेवरची. ती लोक घेईनात. तुरिनच्या मिराफिओरी कारखान्यात काम पुन:पुन्हा थांबू लागलं. सारं जग पेट्रोलच्या गाड्या विजेवर आणत असताना फियाटने विजेवरच्या गाडीत पेट्रोलचं इंजिन बसवायचं ठरवलं. कारखान्यात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, याची कल्पना करता येते.

"साहेब, हिच्यात इंजिनासाठी जागाच ठेवलेली नाही."

"कुणी ठेवली नाही?"

"आपणच. भविष्याचा विचार करून."

"मग आता भूतकाळाचा करा."

जागा सापडली. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ही गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. आत एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन, बरंचसं आधीच्या ५००मध्ये होतं तेच, आणि हाताने टाकायचे सहा गिअर. म्हणजे चेहरा १९५७चा, त्याचं नक्कल केलेलं रूप २००७चं, ढाचा २०२०चा आणि इंजिन निवृत्त झालेल्या गाडीतलं. नोंदणीच्या कागदावर उत्पादनाच्या वर्षापुढे मात्र एकच साल लिहिण्यापुरती जागा असते.